हवा सोडायला दोन मिनिटं. भरायची कुठं?

आज सकाळी सोलापुरात पुणे नाक्याजवळच्या अण्णांच्या टायरच्या दुकानापुढं एक चकाचक फोर बाय फोर ट्रकवरून उतरवली. छतावर तंबू, बंपरवर हातभर लांब लाइट बार, दाराला फावडं. आणि मागची दोन्ही टायरं गेलेली. एकाची बाजू चिरलेली, अण्णांचं बोट आरपार जात होतं. दुसरं बाहेरून धडधाकट वाटत होतं. ते रिमवरून उतरवून अण्णांनी उभं धरलं, दोनदा आपटलं, तर आतून मूठभर काळा भुगा फरशीवर पडला. पंढरपुरातला बुक्का जसा, तसा.

चार पोरं बघत उभी. त्यातला एक म्हणतो, "अण्णा, आतून पॅच मारून भागंल का?"

"राखेला पॅच कुठं मारू बे?"

सकाळपासून तो बुक्का डोळ्यापुढून जाईना, म्हणून लिहितोय. लांबलंय, ज्यांना घाटात गाडी घालायची हौस आहे त्यांनी वाचा.

झालं होतं असं. कुठल्या तरी रीलमध्ये बघितलं, दगडधोंड्यात जाताना टायरची हवा कमी करायची. या पोरांनी ३३ वरून थेट १२ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणली. हवा भरायचा कॉम्प्रेसर कुणाकडंच नाही. उतरून झाल्यावर "खाली गावात भरू" म्हणत वीसेक किलोमीटर डांबरावर तसेच पळाले, तेही साठच्या वेगानं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि तापते. आतलं रबर आतल्या आत दळलं जातं. तोच तो भुगा. असं टायर हवा भरल्यावर पुन्हा गोल दिसेल, पण १०० च्या वेगात कधी फुटेल त्याचा नेम नाही. बाजूच्या चिरेला तर प्लग नसतोच. प्लग फक्त रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातल्या भोकाला, बाजूला कधीच नाही.

रील खोटं नव्हतं, मान्य. हवा कमी केली की टायर पसरतं, पकड वाढते, हादरे कमी बसतात. पण किती आणि कुठं, हे कोण सांगणार? रस्त्यावर ३२ ते ३५. दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेवर २२ ते २५. नदीची वाळू किंवा खोल चिखल असेल तर १५ ते १८, आणि त्याखाली गेलात तर वळताना टायर रिम सोडू शकतं. सह्याद्रीतला काळा दगड धारेचा असतो. तिथं फार हवा सोडली की टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि नेमकी तीच दगडावर घासते. हवा कमी असेपर्यंत वेग चाळिशीच्या आत. डांबर लागलं की थांबायचं, भरायचं, मग निघायचं.

आणि हवा मोजायची सकाळी, गाडी गार असताना. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंशांत महामार्गावर पळून आलेलं टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतं. ते बघून घाबरून हवा सोडली की गार झाल्यावर ती कमी भरते.

बारा व्होल्टचा बरा कॉम्प्रेसर तीन-चार हजारांत येतो, डायलचं गेज काही शेकड्यांत. तो लाइट बार त्याच्या कितीतरी पट असणार! कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटला लावू नका, मोठा असेल तर फ्यूज उडतो. चिमटे थेट बॅटरीला लावायचे, इंजिन चालू ठेवायचं. एका टायरला पाच-सहा मिनिटं लागतात. दोन टायरांनंतर त्याला गार होऊ द्यायचं, नाहीतर तिसऱ्याला तो बसतो. म्हणजे अर्धा तास धरा. हा अर्धा तास कुणीच धरत नाही. चढायचं सगळं ठरलेलं असतं. परत कसं यायचं हे मात्र कुणाच्याच डोक्यात नसतं, आणि माझा राग तिथंच आहे.

आता डिझेल. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला जायचं म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, डोंगर त्याच्यापुढं सुरू. महामार्गावर १३-१४ देणारी गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या हळू गिअरात, दगडातून ५-६ वर येते. कच्च्या वाटेचे किलोमीटर तिप्पट धरून हिशोब करा आणि शेवटच्या मोठ्या गावात टाकी फुल्ल करा. प्लॅस्टिकच्या कॅनमधून पेट्रोल नेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, लांब उभा राहतो.

फोर बाय फोरचा दांडा ओढला की झालं, असंही नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पार्ट-टाइम आहेत, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारं डिफरेन्शियल मध्ये नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून ती तूट भरून काढतं, कोरड्या डांबरावर घसरत नाही, मग सगळा पीळ ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. स्टिअरिंग जड झालं, गाडी वळताना अडखळायला लागली, म्हणजे तेच. फोर-लो घालायचं ते चढ सुरू व्हायच्या आधी, गाडी थांबवून. अर्ध्या चढात नाही. उतारावर लो फर्स्ट, क्लचवरून पाय काढायचा, इंजिनानंच गाडी धरू द्यायची. चढात गाडी बंद पडली तर आडवी वळवायची नाही, आडवी गाडी उलटते. ब्रेक धरून रिव्हर्स घालायचा आणि आलात त्याच चाकोरीतून सरळ मागं यायचं.

चिखलाचं आपल्याला काय सांगायचं? काळ्या रानातली माती टायरला लाडवासारखी चिकटते हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. तिकडची तांबडी माती वेगळी. वर बोटभर लोणी, खाली कडक जांभा. तिथं गाडी रुतण्यापेक्षा बाजूला सरकते, आणि बाजूला दरी असते.

रुतलीच तर दोर. इथं मात्र सावकाश वाचा, कारण टायर गेलं तर पैसे जातात, दोर तुटला तर माणूस जातो. साधा टो-पट्टा ताणत नाही, त्याला झटका द्यायचा नाही. झटक्यासाठी नायलॉनचा कायनेटिक दोर वेगळा मिळतो, तो तीस टक्क्यांपर्यंत ताणतो आणि तीच ताकद रुतलेल्या गाडीला देतो. दोराची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट हवी. शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) ४.७५ टन कोरलेला घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला बिननावाचा नको. ट्रेलरच्या गोळ्याला दोर कधीच अडकवायचा नाही, तो तुटला तर गोळीसारखा येतो. बंपरमध्ये आटे फिरवून बसवायची कडी सपाट रस्त्यावर ओढायला असते, चिखलातून उपसायला नाही. चासीला बसवलेला हूकच लागतो. ओढताना दोराच्या मधोमध काहीतरी जड टाकायचं, म्हणजे तुटला तर खाली पडतो. लोक त्यासाठी महागडी पिशवी मागवतात. घरातली जुनी सोलापुरी चादर पाण्यात बुडवून, दुमडून टाका. काम तेच. आणि बघे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, मोबाइलसकट.

दोर ओढायला दुसरी गाडी लागते हेही सांगावं लागतं का? सकाळच्या पोरांची एकच गाडी होती. एकट्या गाडीनं फिरणारे जुने जाणते लोक आहेत, असतील, त्यांना हे वाचायची गरज नाही.

पाणी ओलांडायचं तर आधी उतरून काठी घेऊन चालत जा. तुम्हाला चालता येत नाही तिथं गाडी जात नाही. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी ठीक. लो गिअर, एकसारखा वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलायची वेळ येते.

सामान जड ते खाली, मागच्या सीटला चिकटून. पाण्याचे वीस लिटरचे जार छतावर ठेवलेले मी फोटोत बघतो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. चौघं, दोन रात्री, स्वयंपाकासकट दोन जार पुरतात. खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी. आठवडाभर काही होत नाही, बर्फाची पेटी लागत नाही, भांडी निघत नाहीत.

तंबू ओढ्याच्या कोरड्या पात्रात लावू नका. जागा सपाट, वाळू मऊ, म्हणून मोह होतो. वळीव वरच्या डोंगरात पडतो, तुमच्याकडं आभाळ मोकळं असतं, आणि पाणी रात्री येतं. तंबूत शेगडी नाही, गाडी चालू ठेवून एसीत झोपणं नाही, दोन्हीकडं कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो. थंडीचा अंदाज सोलापूरवरून बांधू नका. आपण साडेचारशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. नुसत्या उंचीनं सहा अंश उतरतात, वारा वेगळा.

परवानगीवर मात्र माझी सटकते. कोयना आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात विनापरवानगी शिरणं गुन्हा आहे, तंबू तर लांबच. आणि डोंगराचं कशाला, इथं नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे, तरी त्या बाजूच्या माळावर गाड्या गोल गोल फिरवून व्हिडिओ काढणारे आपलेच लोक. म्हणे रिकामा माळ आहे! माळढोक अंडं उघड्या जमिनीवर घालतो, घरटं नसतंच. चाकाखाली काय गेलं ते कळतसुद्धा नाही. जो पक्षी आता जवळपास दिसतच नाही, त्याच्या जमिनीवर हे डोनट मारणार.

असो. चिडून उपयोग नाही. सकाळच्या पोरांत एकजण बराच वेळ त्या भुग्यात बोट फिरवत होता. मग मोबाइल काढून त्यानं अण्णांना विचारलं, कुठं किती हवा, आणि लिहून घेतलं सगळं. बाकीचे तिघं फोनवर घरी काहीतरी थापा मारत होते.

अण्णांनी जाता जाता, चिरलेल्या चाकाच्या जागी पोरांनी डोंगरात चढवलेल्या स्टेपनीतली हवा मोजली. अठरा.