परक्याच्या मुलाला मार पडत असताना कसे वागावे

बाजारात, दवाखान्याच्या रांगेत किंवा प्रवासात एखादे मूल स्वतःच्याच आईबापांकडून मार खात असेल, तर भोवतालच्या सभ्य माणसांनी काय करावे, याविषयी समाजात पुरेशी स्पष्टता नाही, असा माझा समज होता. गेल्या आठवड्यात रेल्वेच्या प्रतीक्षालयात तो दूर झाला. बाटलीतले पाणी बापाच्या बॅगेवर सांडले म्हणून चार-पाच वर्षांच्या एका मुलाला पाठीत धपाटे बसत होते आणि उपस्थितांनी त्या प्रसंगी जे आदर्श वर्तन केले, त्यावरून तयार केलेली ही आचारसंहिता वाचकांच्या सेवेत सादर करीत आहे.

पहिला धपाटा ऐकू येताच वर्तमानपत्रात मान घालावी.

त्यानंतर ‘हा त्यांचा घरगुती प्रश्न आहे’ असे मनाला बजावावे. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी थोड्याच वेळापूर्वी एका अनोळखी तरुणाला, मोबाइलवर मोठ्याने बोलतो म्हणून, नागरिकशास्त्राचा अख्खा धडा ऐकवला होता. पण कोणता आवाज सार्वजनिक आणि कोणता घरगुती, याचे तारतम्य त्यांच्याकडे होते. स्वीडनने 1979 साली आईवडिलांनाही मुलांवर हात उगारण्यास कायद्याने बंदी केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील एकोणिसावे कलम तर, मूल पालकांच्या ताब्यात असतानाही त्याला हिंसेपासून संरक्षण मिळाले पाहिजे, असे स्पष्टच सांगते; परंतु असल्या गोष्टी मनावर घेतल्या, तर माणसाला निवांत बसून गाडीची वाट पाहणेही मुश्कील होईल.

‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडले आमचे?’ हे वाक्य तोंडपाठ असावे. काय बिघडले ते ऐकणाऱ्याला समोर दिसत असते, पण तो भिडस्तपणे गप्प राहतो. सुमारे 1 लाख 60 हजार मुलांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात मार खाणाऱ्या मुलांमध्ये आज्ञाधारकपणा नव्हे, तर आक्रमकपणा अधिक आढळला. अर्थात, अभ्यास काय, कोणीही करतो.

आपले मूल सोबत असल्यास या संधीचा शैक्षणिक लाभ घ्यावा. एका बाईंनी आपल्या मुलीला जवळ ओढून, समोर बोट दाखवत, ‘बघ, हट्ट केलास तर असेच होईल,’ असे सांगितले. मुलगी लगेच गप्प झाली.

मारणारी आई असेल, तर मात्र अवश्य बोलावे. बाईमाणसाला चारचौघांत सुनावण्यात कसलाही धोका नसतो.

मोबाइल असल्यास चित्रीकरण करावे. हा उपाय आजकाल फारच लोकप्रिय आहे, कारण त्यात जागेवरून उठावे लागत नाही, तोंड उघडावे लागत नाही आणि तरीही आपण काहीतरी केले असे समाधान मिळते. एक तरुण मोबाइल उंच धरून, कोन बदलून बदलून चित्रीकरण करीत होता. आणि तो कोणाचे चित्रीकरण करीत होता? बापाची तर नुसती पाठ दिसत होती! नाकातून शेंबूड गळत असलेला, हुंदके आवरत नसलेला त्या पोराचा चेहरा तेवढा स्पष्ट येत होता. तो चेहरा आता कोणाकोणाच्या मोबाइलवर फिरेल, त्याखाली कोण हसेल आणि कोण कळवळेल, हे त्या पोराला कोणी विचारले का? पुरावा हवा होता म्हणे. पुरावा कोणाला देणार होतास, बाबा? मार पडतोय तो तुझ्यासमोर, आत्ता, आणि तुझे दोन्ही हात गुंतलेत ते नेमके कशात?

इतर लोक काय करतात ते पाहून मगच ठरवावे, हाही नियम शास्त्रशुद्ध आहे. लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खोलीत धूर येऊ लागल्यावर एकट्या बसलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांनी तशी खबर दिली. सोबत दोन ढिम्म माणसे बसवली, तेव्हा दहातल्या एकानेच दिली. आमच्या प्रतीक्षालयात ढिम्म माणसांची मुळीच टंचाई नव्हती.

‘आपण बोललो, तर घरी नेऊन जास्त मारतील’ हा शेवटचा बचाव. ही भीती खोटी नाही, म्हणून तिची थट्टा करणार नाही. पण ती खरी असेल, तर बापाचा पाणउतारा होणार नाही असे बोला. गप्प बसण्याचा परवाना म्हणून ती वापरू नका. ‘दादा, पाणी मी पुसते, तुम्ही जरा बसा,’ एवढेच मी म्हणाले. त्याने माझ्याकडे रागाने पाहिले, पुटपुटला आणि मुलाचा दंड सोडला. रात्री घरी काय झाले असेल ते मला ठाऊक नाही. तिथे हात थांबला, इतके मी पाहिले.

आणि त्यानंतर वर्तमानपत्रातून बाहेर येऊन शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, ‘बरे झाले बोललात, आम्ही बोलणारच होतो.’ लाज वाटायला हवी होती हे म्हणताना. मोठ्या माणसाला कोणी असे धपाटे घातले असते, तर तुम्ही सगळे मधे पडला असता. हा तुमच्या गुडघ्याएवढा होता, म्हणून ते वळण लावणे ठरले? मार खाताना तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता आणि तुम्ही पान उलटत होतात. बोलणारच होतात, तर चौथ्या धपाट्यापर्यंत कशाची वाट पाहत होतात?