आधी पाणी ठरवा, मग तिकीट

स्कूबासाठी (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहायला) एखाद्या अॅटॉलवर, म्हणजे प्रवाळाच्या कड्यासारख्या बेटावर, जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो रिसॉर्टचा, दुसरा विमानाचा. पैसे भरून झाले की मग मेसेज येतो, "त्या महिन्यात तिथे डाइव्हिंग कसं असतं हो?" माझ्या मते ही गाडी उलटी जोडलेली आहे. शहर बघायला जाताना हा क्रम चालतो, कारण शहर वर्षभर जागच्या जागी असतं. अॅटॉलवर आपण बघायला जातो ते पाण्याच्या हालचालीवर ठरतं, आणि पाणी आपल्या बुकिंगची तारीख बघत नाही.

यासाठी अॅटॉलचा आकार आधी नीट डोळ्यांसमोर आणायला हवा. समुद्रातून ज्वालामुखीचा डोंगर वर येतो, त्याच्या कडेनं प्रवाळ वाढतं. डोंगर लाखो वर्षांत हळूहळू खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतं. शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि उरतं ते प्रवाळाचं कडं, मधे उथळ पाण्याचं तळं, म्हणजे लगून. डार्विननं हे १८४२ साली मांडलं. त्याचा पुरावा हाती यायला १९५२ उजाडलं. पॅसिफिकमधल्या एनेवेटाक अॅटॉलवर खोल भोक पाडलं, तेव्हा १२०० मीटरहून जाड चुनखडीच्या खाली ज्वालामुखीचा खडक लागला. (त्याच वर्षी त्याच अॅटॉलवर अमेरिकेनं पहिला हायड्रोजन बॉम्ब फोडला. माणसाला एका जागेबद्दल एकाच वेळी किती कुतूहल आणि किती बेपर्वाई असू शकते!)

हे कडं अखंड नसतं. जागोजागी खिंडी असतात, आणि भरती-ओहोटीबरोबर लगूनचं पाणी त्या खिंडींतून आत-बाहेर करत राहतं. मालदीवमध्ये या खिंडीला कांडू म्हणतात, फ्रेंच पॉलिनेशियात पास. ग्रे रीफ शार्क, ईगल रे, बाराकुडाचे थवे, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण एवढ्या लांब जातो ते सगळे बहुतेक इथेच भेटतात. शार्क खिंडीच्या तोंडाशी प्रवाहाकडे तोंड करून जवळजवळ न हलता तरंगत असतात. प्रवाह उतारावर आपटून वर उसळतो तिथे त्यांना फारसे कष्ट न करता टिकून राहता येतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा अॅटॉलच्या दक्षिण खिंडीत असे शेकडो शार्क एका वेळी दिसतात.

आता मुद्द्याचं. भरतीचं पाणी आत येतं ते उघड्या समुद्राचं असतं, स्वच्छ. तुम्ही खिंडीच्या बाहेर उतरता, शार्क बघता, आणि मग प्रवाह तुम्हाला अलगद लगूनच्या आत सोडतो. हात सुटला, गाइड दिसेनासा झाला, तरी वाहून जाल ते आतल्या शांत पाण्यात. ओहोटीला नेमकं उलटं. लगूनमधला गाळ घेऊन पाणी बाहेर जातं, त्यामुळे दिसतं कमी, आणि तुम्ही खेचले जाता उघड्या समुद्राकडे. काही ठिकाणी खिंडीच्या तोंडाशी पाणी खालच्या दिशेनंही ओढतं. म्हणूनच खिंडीतल्या डाइव्ह शक्यतो भरतीच्या येत्या प्रवाहात किंवा पाणी थबकतं त्या थोड्या वेळात करतात.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे खिंडीतला जोर सगळ्यात जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, जोर कमी. भरती-ओहोटीची कोष्टकं महिनोन्‌महिने आधी मिळतात, फुकट मिळतात. तरी सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी ती उघडून बघणारे फार थोडे. ज्याच्या वहीत जेमतेम डाइव्ह आहेत त्यानं भांगाचा आठवडा निवडावा, एवढी साधी गोष्ट आहे ही. अनुभवी माणूस मुद्दाम उधाण निवडेल. फाकारावालाच जून-जुलैच्या पौर्णिमेला हजारो ग्रूपर मासे अंडी घालायला खिंडीत जमतात, आणि त्यांच्यामागे शार्क. ते बघायचं तर पौर्णिमेलाच जायला हवं, पण मग त्या प्रवाहात स्वतःला सांभाळता यायला हवं.

दुसरा गोंधळ ऋतूचा. जाहिरातीतलं ते काचेसारखं निळं पाणी सगळ्यांना हवं असतं, आणि त्याच पाण्यात मँटा रे (पंखांसारखे कल्ले पसरून पोहणारे मोठे चपटे मासे) पण हवे असतात. हे दोन्ही एका जागी, एका वेळी सहसा मिळत नाही. मँटा प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खातात. जिथे प्लँक्टन दाट, तिथे पाणी धूसर. मालदीवचं गणित यासाठी छान समजून घेता येतं. ईशान्य मोसमात, साधारण डिसेंबर ते एप्रिल, प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो. त्यामुळे अॅटॉलच्या पूर्व बाजूला स्वच्छ पाणी आणि खिंडीतले शार्क, तर पश्चिम बाजूला प्लँक्टन आणि मँटा. नैर्ऋत्य मोसमात, मे ते ऑक्टोबरच्या आसपास, हे सगळं आरशातल्यासारखं उलटतं. म्हणजे "मालदीवला कधी जावं" हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या अॅटॉलच्या कुठल्या बाजूला, आणि काय बघायला, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. माझी निवड विचाराल तर धूसर पाणी आणि मँटा. निळाईचे फोटो इंटरनेटवर ढिगानं पडलेत.

याच ओघात हनीफारूचं सांगतो, कारण फार लोक फसतात. मालदीवच्या बा अॅटॉलमधल्या या छोट्या उपसागरात नैर्ऋत्य मोसमात मँटांचे थवे जमतात, कधीकधी व्हेल शार्कही. बा अॅटॉल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. पण हनीफारूत स्कूबाला परवानगी नाही, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीनं श्वास घेत पृष्ठभागावरून बघणं. नियम उत्तम आहे, मला पूर्ण पटतो. बुडबुड्यांच्या पडद्यात मँटांना चरायला लावायचं कशाला? पण केवळ हनीफारूसाठी स्कूबाचं पूर्ण सामान ओढत नेणाऱ्यानं हे आधी वाचलेलं बरं.

सगळीकडे वर्षभर जाताही येत नाही. फिलिपिन्सच्या तुब्बाताहा या प्रवाळक्षेत्राला मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच बोटी जातात, तिथे राहायची सोय नाही, सगळा मुक्काम बोटीवर. लक्षद्वीपला प्रवेश परवाना आधी काढावा लागतो आणि पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं.

उष्णतेबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून जरा रेंगाळतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. १९९८ मध्ये मालदीव आणि लक्षद्वीपच्या उथळ रीफचं (प्रवाळाच्या रांगांचं) यात अतोनात नुकसान झालं, २०१६ मध्ये पुन्हा, आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं चौथी जागतिक ब्लीचिंगची घटना जाहीर केली. नोआच्या नकाशांवर कुठल्या भागात किती उष्णता साठली आहे ते कुणालाही बघता येतं. एककाचं नाव डिग्री हीटिंग वीक: ४ च्या वर ब्लीचिंग, ८ च्या वर प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मरण्याची भीती. आकडा चढलेला दिसला तर मी त्या वर्षी ती जागा सोडून देईन. पांढरी रीफ बघून वाईट वाटेल हे एक, आणि आधीच ताणात असलेल्या प्रवाळावर आपल्या पायांतल्या फिनांचा (पोहायच्या वल्ह्यांचा) भार कशाला, हे दुसरं.

आता जे लिहितो त्यावर काही जण चिडतील. नुकताच ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स झालेल्या माणसानं अॅटॉलच्या खिंडीत उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हा परवाना १८ मीटरचा. खिंडीचं तोंड, जिथे शार्क असतात, बहुतेक ठिकाणी २५-३० मीटरवर. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणजे टाकीतली हवाही चौपट वेगानं संपते. त्यात प्रवाहाशी झुंजत धाप लागली तर आणखी वेगानं. साध्या हवेवर, वर येताना मधे सक्तीचे थांबे न घेता, तिथे राहायची मुदत नेहमीच्या तक्त्याप्रमाणे २० मिनिटं, पण नवख्याची टाकी त्याच्या आधीच इशारा देते. मालदीवमध्ये करमणुकीच्या डाइव्हिंगला ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे, आणि अनेक लाइव्हअबोर्डवाले (मुक्कामाच्या डाइव्ह-बोटीवाले) पुढच्या पायरीचा अॅडव्हान्स्ड परवाना आणि ५० नोंदलेल्या डाइव्ह मागतात. लोक याला नखरे समजतात. मला तर न विचारणाऱ्याची जास्त धास्ती वाटते.

नवख्यानं जाऊच नये असं मात्र नाही. लगूनच्या आतल्या रीफ, पाण्याखालच्या उंचवट्यांच्या आडोशाच्या बाजू, बेटाला लागून असलेली हाउस रीफ, यांत भरपूर आहे. कासवं बघायला ३० मीटरवर जावं लागत नाही. अशांनी बेटावर मुक्काम ठेवावा, रोज एकदोन डाइव्ह, तरंगण्यावर ताबा बसवावा. लाइव्हअबोर्डवर दिवसाला तीन-तीन, कधी चार डाइव्ह असतात आणि बोट पुढे निघालेली असते. तिथे शिकायला उसंत नसते.

नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स जायच्या आधी करून टाका. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर ३० मीटरची ती २० मिनिटांची मुदत साधारण ३० होते. खोल जायची मुभा मात्र वाढत नाही, उलट मर्यादा येते, ३४ मीटरच्या आसपास. आणि हवा लवकर संपवणाऱ्याला त्या वाढीव मुदतीचा उपयोगही नाही.

सामानाचं थोडक्यात: स्वतःचा मास्क, स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर, फुगवता येणारा सिग्नल बॉय (बोटीला खूण करायची नारिंगी नळी) आणि शिट्टी. बाकी सगळं भाड्यानं मिळतं. सिग्नल बॉय विकत घेऊन तो एकदाही पाण्यात न फुगवता येणारे खूप असतात. उघड्या समुद्रात वर आल्यावर लाटांमध्ये डोकं बोटीला दिसत नाही, नारिंगी नळी दिसते. हातमोजे नकोत. हातात मोजा आला की माणूस प्रवाळाला धरतो.

डाइव्ह सेंटर भरून घेतं तो तब्येतीचा फॉर्म घरीच डाउनलोड करून वाचा. दमा, कानाचा त्रास, रक्तदाबाच्या गोळ्या, कशाला "हो" लिहावं लागत असेल तर डॉक्टरांचं पत्र निघण्यापूर्वी घ्या. बेटावर ते पत्र देणारा डॉक्टर मिळेलच असं नाही, आणि मग लोक सरळ "नाही" लिहून मोकळे होतात.

परतीचा दिवस मी सगळ्यात आधी ठरवतो आणि तिथून मागे मोजत येतो. डाइव्हनंतर अंगात साठलेला नायट्रोजन निघून जायला वेळ द्यावा लागतो: एकच साधी डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, रोज अनेक डाइव्ह असतील तर किमान १८. मी २४ धरतो. यात लोक मोठं विमान धरतात आणि बेटावरून विमानतळापर्यंतचं छोटं विमान किंवा सीप्लेन विसरतात. घड्याळ पहिल्या उड्डाणापासून मोजायचं. शिवाय सीप्लेन फक्त उजेडात उडतात, त्यामुळे पहाटेचं आंतरराष्ट्रीय विमान असेल तर आदल्या दुपारीच बेट सोडावं लागतं, आणि शेवटची डाइव्ह आणखी एक दिवस मागे सरकते. सात रात्रींच्या सहलीत डाइव्हिंगचे दिवस प्रत्यक्षात पाचच निघतात, हे पैसे भरण्याआधी कळलेलं चांगलं.

विम्याचं कलम वाचा. साध्या प्रवास विम्यात बरेचदा स्कूबा वगळलेलं असतं किंवा ठराविक खोलीपर्यंतच असतं. डीकम्प्रेशनचा त्रास (दाब झपाट्यानं कमी झाल्यानं अंगात वायूचे बुडबुडे होणं) झाला तर उपचार म्हणजे रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे पुन्हा दाब देणारी बंद खोली, आणि अॅटॉलवरून तिथे पोचणं हाच मोठा खर्च. म्हणून बुकिंग करताना डाइव्ह सेंटरला तीन प्रश्न लेखी विचारतो: जवळचा चेंबर कुठे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, बोटीवर ऑक्सिजन किती वेळ पुरेल एवढा असतो, आणि एका गाइडमागे किती डाइव्हर. ज्यांचं उत्तर "ते आल्यावर सांगू" असं येतं त्यांच्याकडे मी जात नाही, मग त्यांची बोट कितीही चकचकीत असो.