लॉगिननंतर फाइल कुठे कुठे उरते? : एका डीएसएंच्या (बँकांना कर्जाचे ग्राहक आणून देणाऱ्या एजंटांच्या) प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गृहकर्जाच्या ग्राहकांचे कागद जपण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत. ग्राहक सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतो, महिनाअखेरीस लॉगिनची, म्हणजे फाइल बँकेत दाखल करण्याची, घाई असते, कायदा बँकांसाठी आहे आणि जुन्या फायली टॉप-अपला, म्हणजे चालू कर्जावरच्या वाढीव कर्जाला, कामी येतात. मग हे उपदेश कोणासाठी, असं तुमचं म्हणणं.

पहिला मुद्दा मान्य. ‘व्हॉट्सअ‍ॅप वापरूच नका’ हे लेखातलं वाक्य धंद्यात चालणारं नाही, मागे घेतो. पण कागद आला कसा, यापेक्षा तो नंतर किती ठिकाणी पडून राहतो यातच खरी गोम आहे. पॅन कार्डाचा एकच फोटो घ्या. चॅटमध्ये एक, फोनच्या गॅलरीत दुसरा, गॅलरीच्या क्लाउड बॅकअपमध्ये तिसरा, व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये चौथा, बँकेच्या सेल्स मॅनेजरला केलेल्या मेलमध्ये पाचवा. चॅट पुसली तरी बाकीचे जागच्या जागी. फाइल तीन बँकांत फिरवली की मेलच्या प्रती तिप्पट.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी (आलेले फोटो गॅलरीत दिसणं) आणि ऑटो-डाउनलोड बंद करा, ग्राहकाच्या चॅटला डिसअपिअरिंग मेसेजेस (आपोआप पुसले जाणारे मेसेज) ७ दिवसांवर लावा. हे मिनिटभराचं काम आहे, लॉगिन काही अडत नाही. डाउनलोड्स आणि रिसायकल बिन मात्र दर आठवड्याला हातानेच रिकामे करावे लागतात.

आधारचं म्हणाल, तर मास्क्ड आधार मागा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर डाउनलोड करताना तो पर्याय असतो. पहिले ८ अंक झाकलेले, शेवटचे ४ दिसतात. ‘बँक घेत नाही’ असं सेल्सवाले सांगतात खरं, पण जिथे आधारवरून ऑथेंटिकेशन करायचं नाही तिथे नंबर झाकूनच घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतच आहे. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली ४ अक्षरं आणि जन्मसाल, म्हणजे सोबतच्या पॅन कार्डावर जे छापलंय तेच. मोबाइलमधल्या हायलायटरने नंबर काळा करणं तर फसवंच: तो पेन अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की अंक वर येतात.

फाइलमधला सगळ्यात जोखमीचा कागद कोणता? बहुतेक जण बँक स्टेटमेंट म्हणतील. माझ्या मते घरखरेदीचं नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंट. शेवटची पानं उघडून बघा: दोन्ही पक्षांचे फोटो, सह्या, अंगठ्यांचे ठसे, आणि बऱ्याचदा मागे जोडलेल्या पॅन-आधारच्या झेरॉक्स. नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांची सिलिकॉनची नक्कल करून आधारवरून पैसे काढल्याचे, म्हणजे एईपीएस फसवणुकीचे, गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. यात ओटीपी लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा पुरतो. बँकेला पूर्ण दस्त लागतोच, पाने गाळता येत नाहीत. म्हणून तो चॅटवर नको. बँकेच्या अपलोड लिंकवर किंवा शाखेत द्यायचा. आणि ग्राहकाला आधारचं बायोमेट्रिक लॉक लावायला सांगा. दस्त नोंदणीच्या किंवा बोटाने होणाऱ्या केवायसीच्या वेळी ते तात्पुरतं उघडता येतं.

आता कायदा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. बँकेच्या वतीने कोणी डेटा हाताळला तरी उत्तर बँकेलाच द्यायचंय, त्यामुळे ती तुमच्या करारात कलमं घालणारच. पण ग्राहकाचे कागद आधी तुम्ही घेता आणि कोणत्या बँकेत टाकायचे ते तुम्हीच ठरवता. त्या टप्प्यावर ‘आम्ही फक्त मधले’ हा बचाव मला तरी टिकेलसा वाटत नाही.

राहिला टॉप-अप. त्याला ताज्या ३ महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि ताजं ६ महिन्यांचं स्टेटमेंट लागतं; दोन वर्षांपूर्वीची फाइल तिथे रद्दी. रिजेक्ट झालेल्या फायलींचं तर विचारूच नका, त्यांचा पेआउटही (बँकेकडून मिळणारं कमिशन) येत नाही तरी त्या वर्षानुवर्षं पेन ड्राइव्हमध्ये असतात. पेआउट जुळवायला आणि पुढच्या फोनला एक्सेलमधली एक ओळ पुरते: नाव, मोबाइल, बँक, लोन अकाउंट नंबर, रक्कम, व्याजदर, डिस्बर्समेंटची (कर्जाचे पैसे दिल्याची) तारीख. पुढे फोन केलेला चालेल का, हे ग्राहकाला विचारून त्याच ओळीत ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून ठेवा.