‘बजेट सकाळी अकरालाच संपायचं’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की सीझनच्या तोंडावर आमच्यामार्फत गूगलवर जाहिरात लावली, १८ हजार रुपये गेले, रोजचं बजेट सकाळी अकरालाच संपायचं आणि फोन काही वाजायचा नाही. दर क्लिकमागे पैसे कापले जातात; सगळे क्लिक खोटे होते, शेजारचा भाड्याच्या गाड्यांवाला मुद्दाम दाबत होता आणि आम्ही हातावर हात ठेवून बसलो, असं तुमचं म्हणणं. तुमचा राग मला कळतो. चवथ आटोपल्यावर कळंगुटला तुमच्याकडे बसून हे काम ठरवलं, तेव्हा ताडपत्रीखाली ठेवलेल्या तुमच्या भाड्याच्या बारा स्कूटर मी पाहिल्या होत्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे नव्याने रंगवलेल्या. पावसाळाभर कमाई नसताना बाजूला काढलेला पैसा होता तो.

आधी आमची चूक सांगतो. दसऱ्याच्या सुट्टीत चार दिवस आमच्यातल्या कोणीही तुमचं खातं उघडलं नाही आणि सर्वांत जास्त पैसे त्याच चार दिवसांत गेले. दुसरी चूक त्याहून मोठी. सर्चची, म्हणजे गूगलवर शोधणाऱ्याला दिसणारी जाहिरात लावताना डिस्प्ले नेटवर्कच्या (इतर वेबसाइट आणि ॲपमध्येही जाहिरात दाखवण्याच्या) चौकटीत बहुधा आधीच खूण असते. ती काढणं आमचं काम होतं, ते राहिलं. त्यामुळे कळंगुटात स्कूटर शोधणाऱ्याला दिसायची ती जाहिरात मोबाइलवरच्या गेममध्ये दिसत राहिली. तिथे मुलांची बोटं चुकून पडतात. शिवाय जाहिरातीच्या क्लिकमागे ॲपवाल्याला पैसे मिळतात, म्हणून काही जण यंत्राकडून क्लिक करवून घेतात. अशा लुटीत तुमच्याशी वैर असायची कोणाला गरजच नसते.

पण तुमचा संशय अगदीच निराधार नव्हता. खोटे क्लिक हा काही भ्रम नाही. याच कारणावरून जाहिरातदारांनी अमेरिकेत दावा लावला होता आणि २००६ साली गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. परवा रात्री मी तुमच्या वेबसाइटचा लॉग, म्हणजे कोण कधी आलं याची नोंद, ओळ न ओळ वाचला. जाहिरातीवरून येणाऱ्या प्रत्येक क्लिकच्या लिंकला जीसीएलआयडी नावाचा वेगळा क्रमांक चिकटलेला असतो. तेच पान कोणी पुन्हा उघडलं की नव्याने जाहिरात दाबली, हे त्यावरून समजतं. एका सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान एकाच आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून), एकाच मॉडेलच्या फोनवरून तेवीस वेगळे क्रमांक आले होते. दर वेळी फक्त पहिलं पान उघडलं. भाड्याच्या दरांचं पान एकदाही नाही. गाडी हवी असलेला माणूस असं करत नाही.

तरी तो शेजारीच होता, असं मी म्हणणार नाही. आयपीवरून माणूस ओळखता येत नाही. त्याच्या दुकानाचं नाव तुम्ही जाहीर लिहिलंय, तेवढं काढून टाका ही हात जोडून विनंती.

‘सगळे आयपी ब्लॉक करा’ असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. जाहिरातीच्या एका मोहिमेत ५०० पत्ते अडवता येतात. हा तेवीस क्लिकवाला पत्ता ब्रॉडबँडचा होता, तो अडवला आहे. मोबाइल नेटवर्कचं मात्र तसं नसतं. तिथे एका पत्त्याआड शेकडो फोन असतात आणि पत्तेही बदलत राहतात. मोपाच्या विमानतळावर उतरून टॅक्सीत बसल्या बसल्या स्कूटर शोधणारा पर्यटक त्याच पत्त्याआड असेल, तर खऱ्या गिऱ्हाइकालाच आपण दार लावून घेऊ. म्हणून ते मी केलं नाही, पुढेही करणार नाही.

पैशांचं म्हणाल तर काही क्लिक गूगल स्वतःच ओळखतं आणि त्यांचे पैसे लावत नाही. चुकून दोनदा दाबलं तर दुसरा क्लिक धरत नाही. रिपोर्टमध्ये ‘अवैध क्लिक’ हा रकाना मागितल्याशिवाय दिसत नाही. तुमच्या लॉगिनमध्ये तो आता लावून दिला आहे. त्यातून सुटलेल्या क्लिकसाठी चौकशीचा अर्ज करता येतो, पण मागच्या ६० दिवसांतल्या क्लिकपुरताच. लॉग जोडून तो अर्ज मी काल केला. निर्णय त्यांचा असतो, त्यामुळे पैसे मिळतीलच असं वचन देत नाही. मान्य झालं तर रक्कम तुमच्याच जाहिरात खात्यात जमा होईल, आमच्या हातात येणार नाही.

डिस्प्ले बंद केलं आहे. आधी गोव्यात ‘रस असलेल्या’ कोणालाही जाहिरात दिसत होती, आता गोव्यात असलेल्यांना किंवा तिथे नेहमी असणाऱ्यांनाच दिसते. पुण्यात बसून डिसेंबरचं भाडं विचारणाराही गिऱ्हाईकच आहे, पण त्याच्यासाठी लहान बजेटची वेगळी मोहीम लावू, तीसुद्धा तुम्ही हो म्हणालात तरच. सीझनभर रोज सकाळी दहाच्या आत खातं मी स्वतः पाहणार आहे, सुट्टी असो वा नसो.

त्या १८ हजारांतले ५ हजार आमच्या फीचे होते. ते काल संध्याकाळी तुमच्या खात्यावर परत पाठवले. काम पुढे आमच्याकडे ठेवा किंवा ठेवू नका, ते पैसे तुमचेच. तारा बदला असंही मी म्हणत नाही.

शुक्रवारी बाजाराला म्हापशात येता, तेव्हा जरा वर ऑफिसात या. लॉग छापून ठेवला आहे, त्या तेवीस ओळींवर खूण केली आहे. तुम्हीच वाचून बघा.