डावीकडे दीड इंच

टी.वाय.चा अर्थशास्त्राचा प्रोजेक्ट परत आला. सरांनी पहिलं पान उघडलं, खणातून फूटपट्टी काढली, डावीकडच्या कोऱ्या जागेवर ठेवली आणि म्हणाले, "हा एक इंच आहे. दीड पाहिजे. पुन्हा काढून आणा." निफाड तालुक्यातला कांदा, निर्यातबंदी, आमच्या हातात उरलेले पैसे, सगळं आतच राहिलं. शिंपीसुद्धा माप घ्यायच्या आधी कापड हातात घेऊन बघतो हो!

विभागाचं सूचनापत्रक म्हणजे तर वेगळंच प्रकरण. 'टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, संदर्भ एपीए पद्धतीने.' आमचं माध्यम मराठी. टाइम्स न्यू रोमनमध्ये 'क' नाही, 'कां' नाही आणि 'दा' तर नाहीच. मी हे विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "नियम सगळ्यांना सारखाच." मग कॉम्प्युटर गुपचूप कुठला तरी मराठी फॉन्ट आत घालतो, वर नाव टाइम्सचं राहतं आणि सगळे सुखी होतात. हा टाइप लंडनच्या 'द टाइम्स' वर्तमानपत्रात १९३२ साली आला. त्याची ख्यातीच अशी की अरुंद रकान्यात जास्त मजकूर मावतो. असा काटकसरी टाइप निवडायचा आणि मग ओळी ताणून, समास फुगवून पानं वाढवायची! बाकी कुठल्या विभागात चाललं असतं. पण अर्थशास्त्रात एकालाही खटकू नये?

असो. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पेन ड्राइव्ह लावायच्या आधीच विचारलं, "इको का? सर कोणते, चष्मेवाले की टक्कलवाले?"

"चष्मेवाले."

"मग दीड इंच. टक्कलवाल्यांना सव्वा चालतं. ऋणनिर्देश कुठाय?"

"नाही टाकला."

"असं कसं? थांबा, तयार आहे माझ्याकडे." आणि खरंच त्यांनी डेस्कटॉपवरची एक फाइल उघडून अख्खं पान माझ्या प्रोजेक्टात चिकटवलं. मी वाचायला घेतलं. 'माझी सुविद्य पत्नी हिच्या खंबीर साथीशिवाय हे संशोधन पूर्णत्वास गेले नसते.'

"काका, पत्नी काय?"

"अहो ताई, एका पीएचडीवाल्या सरांचं आहे ते. भाषा बघा ना काय आहे! मागच्या वर्षी अर्ध्या वर्गानं हेच लावलं, त्यात मुलीपण होत्या. कोणी चकार शब्द काढला नाही."

पत्नीला मी काढायला लावलं. काका हिरमुसले. 'सदर संशोधन माझे स्वतःचे व मौलिक आहे' हे प्रतिज्ञापत्रही त्यांच्याच फाइलीतलं, सगळ्या वर्गाला एकच. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. आमची मौलिकता शंभर टक्के जुळते.

मग आली संदर्भसूची. माझा खरा पुरावा म्हणजे पप्पांच्या कांद्याच्या हिशोबपट्ट्या. किती क्विंटल, काय भाव, हमाली, तोलाई, हातात काय. एपीएला आधी लेखक लागतो, मग साल. हिशोबपट्टीचा लेखक कोण?

"आडत्या," काका क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "आडनाव आधी घ्या, मग स्वल्पविराम."

"आणि या एका पट्टीवरची तारीख पावसात गेलीय."

"तारीख नसली की एन. डी. लिहायचं."

"म्हणजे काय?"

"नाशिक डिस्ट्रिक्ट."

मी गप्प बसले. मागे रांगेत उभ्या असलेल्या एकानं ते वहीत लिहून घेतलं.

सरांचा आणखी एक शेरा होता, 'तक्त्यांत चांदण्या नाहीत.' आकडा भरवशाचा आहे हे दाखवायला शेजारी एक, दोन, तीन चांदण्या लावतात, त्या. गंमत म्हणजे १८८५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची मुख्य पत्रिकाच लेखकांना सांगते की चांदण्या लावू नका, प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, कंसात द्या. आणि माझ्या तक्त्यात तर नुसते महिन्यांचे सरासरी भाव. सरासरीला चांदणी लावू कुठे?

"तीन लावतो," काका म्हणाले. "तीन असल्या की सर बोलत नाहीत." आणि त्यांनी त्या सगळ्या ओळींना लावल्या. एकूण बेरजेलासुद्धा.

इथपर्यंत मी हसत होते. पण समास अर्ध्या इंचानं सरकवला आणि २०२३ च्या तक्त्याचा शेवटचा रकाना पानाबाहेर गेला. डिसेंबरचा. ऑगस्टमध्ये सरकारनं कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यातमूल्य आणि शुल्क लावून. त्या डिसेंबरात लासलगावला लिलाव बंद पडले होते आणि भरलेला ट्रॅक्टर घेऊन पप्पा घरी परत आले होते. प्रोजेक्ट जो काही आहे, तो त्या रकान्यात आहे.

"एकच तर महिना आहे ताई," काका समजावत होते. "जानेवारी ते नोव्हेंबर मस्त बसतंय बघा."

पान आडवं घेऊ म्हटलं. काकांनी भिंतीवर चिकटवलेल्या सूचनापत्रकावर बोट ठेवलं, 'आडवी पाने स्वीकारली जाणार नाहीत.' शेवटी तक्ता सात पॉइंटांत कोंबला. डिसेंबर आहे, पण भिंग घेऊन शोधावा लागेल. अवतीभवती दीड इंच कोरा कागद मात्र ऐसपैस पसरलाय. त्याला दार असतं तर भाड्यानं दिला असता.

तीन प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. बिल बघून मी विचारलं, एवढं कसं? काका म्हणाले, पानं वाढली. पानं का वाढली? समास वाढला. समास का वाढला हे मी विचारलं नाही. चार प्रकरणं लिहून जो कार्यकारणसंबंध मला सिद्ध करता आला नाही, तो काकांनी पावतीवर दोन ओळींत केला, आणि त्याला एकही चांदणी लागली नाही. वर 'सेटिंग'चे वेगळे लावले.