गुलाबी कॉपी

“गुलाबी कॉपी कुठंय?”

“हीच की काका. ट्रान्सपोर्टरची.”

“ही तर पांढरी हाये.”

परवा भर उन्हात चिकलठाण्याहून यंत्रात बसवायच्या बुशांच्या पेट्या घेऊन वाळूजला गेलो आणि एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीच्या स्टोअरच्या खिडकीत अडकलो. गेटवरचं सांगत बसत नाही. तिथं फक्त मोबाइल काढून घेतला आणि सुपारीच्या पुडीवर संशय घेतला.

स्टोअरच्या काकांनी बिलाचा कागद ट्यूबलाइटसमोर धरला. उलटा करून बघितला. वर ‘डुप्लिकेट फॉर ट्रान्सपोर्टर’ असं ठसठशीत छापलेलं. “लिव्हलंय बराबर,” ते म्हणाले, “पण कलर?”

“काका, रंग कायद्यात नाहीच. एक्साइज, म्हणजे कारखान्यातल्या मालावरचा कर, होता तेव्हा या प्रतीवर आधी भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचे, म्हणून लोक ती गुलाबी छापायचे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. आता क्रेडिट पोर्टलवर दिसतं.”

काका हसले. लहान पोरानं चंद्र मागितल्यावर हसतात, तसं.

“आन् एक्साइजचा इन्स्पेक्टर आला तर?”

“तो आता एक्साइज बघत नाही काका. जीएसटीत गेला.”

“मंग तिकडून येईल की.”

याला उत्तर नाही. टेम्पोवाला मागून हॉर्न मारत होता, त्याच्याकडंही नव्हतं.

काका मूळचे परभणीचे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणत इकडं आले आणि त्यांची बनली. 1986 साली मोडवॅट, म्हणजे त्या क्रेडिटची पद्धत, सुरू झालं, त्याच सुमारास ते या खुर्चीत बसले. मोडवॅटचं सेनव्हॅट झालं, सेनव्हॅटचा जीएसटी झाला, काकांचं काही झालं नाही. मध्ये रिटायर झाले म्हणे. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, डोळ्यांत पाणी, सगळं रीतसर झालं आणि सोमवारी कंत्राटावर परत हजर. घड्याळ घरी न नेता स्टोअरमध्येच लावलंय. साडेबारा वाजले की काका खिडकी बंद करतात, ते त्याच्याकडं बघून. ते दहा मिनिटं पुढं आहे.

मागं कॉम्प्युटरवर एक नवा इंजिनिअर बसला होता. तो हळूच म्हणाला, “काका, सिस्टीममध्ये कलरचा कॉलमच नाहीये.”

काकांनी मान वळवायची तसदी घेतली नाही. “कोणत्या सालचा रं तू?”

पोरगं गप. तिथं कुणी किती बोलायचं हे जॉइनिंगच्या सालावरून ठरतं. आणि सगळे आपसातलेच. राहायला एकच सोसायटी, कर्जाला एकच पतसंस्था, कुणाच्या तरी पोरीचं लग्न कुणाच्या तरी भाच्याशी. रस्त्यापलीकडच्या कंपनीतही मी माल देतो. तिथं काय काय कागद लागतात, बघितलंय का कधी, म्हणून काकांना विचारलं.

“तिकडं कामून जावं मानसानं?”

उन्हानं म्हणा, मला शहाणपण सुचलं. मी त्यांना कोडॅकची गोष्ट सांगितली. 1975 साली त्यांच्याच इंजिनिअरनं डिजिटल कॅमेरा बनवला, पण वरच्यांचा जीव फिल्मच्या धंद्यात अडकलेला. शेवटी 2012 साली दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली. काकांनी मन लावून ऐकलं. इंजिनिअरचं पोरगंही टाइप करायचं थांबलं. मला वाटलं, पोचली गोष्ट.

“आपल्या गेटच्या आत,” काका म्हणाले, “कॅमेरा अलाउडच नाही.”

इथवर हसायला ठीक आहे. पण कॉपी नाही तर माल जमा नाही, आणि माल जमा नाही तर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, नाही. यांचं अकाउंट्स खातं पेमेंटचे दिवस जीआरएनच्या तारखेपासून मोजतं. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वाचताना छाती फुगते. ते व्याज मागितलं आणि तरीही पुढची ऑर्डर मिळाली, असा माणूस वाळूजमध्ये मला अजून भेटायचाय. माझ्या लेथचा हप्ता मात्र पाच तारखेला जातो. बँक मला रंग विचारत नाही.

काकांचा राग येतो, पण खरा राग वरच्या मजल्यावरच्यांचा येतो. सिस्टीम आणायला त्यांनी पैसा ओतला, उद्घाटनाला फीत कापली, आणि या खिडकीपर्यंत मात्र कुणी खाली उतरून आलं नाही. कामून यावं? एसी वर आहे. काकांना तरी कुणी कधी समजावून सांगितलं, की ती कॉपी आता लागत नाही? गुलाबी कॉपी जपली म्हणून त्यांचं आयुष्यभर कौतुकच झालं असणार.

शेवटी टेम्पो गेटाबाहेर घेतला आणि बजाजनगरात झेरॉक्सचं दुकान गाठलं. बिल पुढं केलं, तोंड उघडायच्या आत दुकानदारानं कंपनीचं नाव वाचलं आणि खालच्या खणातून गुलाबी रिम काढली.

“यांचं गुलाबी. समोरच्यांना कधी लागलं तर पिवळा सांगत जा,” तो म्हणाला. “आणि दादा, पाच-पन्नास जास्तीचे नेऊन ठेवा. मार्चएंडला कागद मिळत नाही.”