प्रतिक्रियेला उत्तर: आईचा आजार मुलांना सांगायचा का?

ताई, नमस्कार. आई-वडिलांच्या नैराश्याचा आणि बायपोलरचा (मन कधी अती उत्साहात, तर कधी खोल उदासीत जाण्याच्या आजाराचा) मुलांवर काय परिणाम होतो, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, 'माझ्या वहिनीने हे वाचलं आणि दोन दिवस धड जेवली नाही. आधीच खचलेल्या बाईच्या माथी पोरांचं नुकसानही मारायचं का? आणि लहान मुलांना आजार सांगा म्हणता, हे तर अतीच झालं. आमच्या वेळी सगळं झाकूनच ठेवायचे, तरी वाढलोच की आम्ही.'

आधी वहिनींचं. जेवण सुटलंय हे त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर आजच घाला, पुढच्या तारखेची वाट बघू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असतील तर त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता ठपक्याबद्दल. हा आजार कुणी हौसेने ओढवून घेत नाही. काही रक्तातून येतं, काही परिस्थिती लादते. गोव्यात बाळंतिणींचा अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरात पैशांची ओढाताण होती, नवऱ्याचा मार होता, मुलगा हवा असताना मुलगी झाली होती, तिथल्या बायकांमध्ये नैराश्य जास्त आढळलं. मग जबाबदार एकटी आईच कशी? बापाचंही तेच. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, मूल आठ आठवड्यांचं असताना ज्यांच्या वडिलांना नैराश्य होतं, त्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वागण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. आईचं नैराश्य हिशेबात धरूनही. आपल्याकडे मात्र बाप गप्प झाला की 'कामाचं टेन्शन' म्हणून सोडून देतात.

आणि परिणाम होतो हेच मी दडवलं, तर वहिनींना त्यातली दिलाशाची गोष्टही कळणार नाही. अमेरिकेत १५१ आया आणि त्यांच्या मुलांचा एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला. ज्या आयांचं नैराश्य तीन महिन्यांच्या औषधोपचारांनी उतरलं, त्यांच्या मुलांमधलं मानसिक आजारांचं प्रमाण ११ टक्क्यांनी कमी झालं. ज्यांचं उतरलं नाही, त्यांच्या मुलांमध्ये ते ८ टक्क्यांनी वाढलं. उपचार आईवर चालू होते, फरक मुलांमध्येही पडला. वहिनी रोज गोळी घेतात ना, ते त्या मुलांसाठीच करतायत. हे त्यांना माझ्यातर्फे नक्की सांगा.

झाकून ठेवण्याबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. मी नाशिकच्या सिडकोतल्या शाळेत समुपदेशक आहे. चौथीतला एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), वडील अंबडला कंपनीत, आजार बायपोलर. कधी रात्री दोनला घर रंगवायला काढायचे, कधी आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज कसा येतो, त्यावरून हा पोरगा आज घरात बोलायचं की नाही ते ठरवायचा. घरात उत्तर एकच, 'पप्पा दमलेत.' मी विचारलं, कशाने दमतात रे? म्हणाला, 'मला गणितात कमी मार्क पडतात म्हणून.' त्याने तीसपर्यंतचे पाढे पाठ केले होते. पप्पा तरीही उठले नव्हते.

मोठ्यांनी कारण सांगितलं नाही की पोर आपलं आपण कारण शोधतं, आणि त्या वयात ते बहुतेकदा 'मीच' असतं. म्हणून सांगायचं. सगळं नाही, एवढंच: 'आईला नैराश्य नावाचा आजार आहे. त्यामुळे ती रडते, झोपून राहते, कधी ओरडते. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो बरा करणं तुझं काम नाही, त्याला डॉक्टर आहेत. भीती वाटली तर आत्याला फोन कर.'

तुम्ही वाढलात, खरंच. नैराश्य असलेल्या आई-बापांच्या मुलांना तोच आजार होण्याचा धोका साधारण तिप्पट असतो, तरीही बरीचशी मुलं धडधाकट वाढतात. अशा मुलांच्या पाठीशी बहुधा घरातलं कुणीतरी खंबीर माणूस असतं. तुमच्या लहानपणी कोण होतं? आजी? शेजारच्या काकू? भाच्यांसाठी आज ते माणूस तुम्ही आहात. काही विशेष करायला नको. ठरलेल्या वारी जा, डबा द्या, अभ्यासाला जवळ बसा, आणि येते म्हटलं की याच. ज्या घरात कुठल्या दिवशी काय होईल याचा नेम नसतो, तिथे पोरांना ठरलेल्या वाराचा फार आधार असतो.

आणि मुलांशी बोलायच्या आधी वहिनींना विचारा. त्यांना स्वतः सांगायचं असेल तर तुम्ही नुसत्या शेजारी बसा. जमणार नसेल तर भाऊ आणि तुम्ही मिळून सांगा, पण काय सांगितलं ते त्यांना कळू द्या.